काम झाले की निघून जाणारा धागा



दवाखान्यातून घरी सोडताना आपण डॉक्टरांना एक प्रश्न हमखास विचारतो, "टाके काढायला कधी यायचे?" प्रश्न साधा आहे. पण त्याच्या पोटात एक दिवसाची मजुरी असते, एस.टी.चे जाण्या-येण्याचे भाडे असते, आणि पोरांपाशी कोणाला बसवायचे ही चिंता असते. नाक्यावर उभे राहून काम शोधणाऱ्या बांधवाला किंवा चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या भगिनीला हा एक दिवस फार महाग पडतो. म्हणून डॉक्टर जेव्हा म्हणतात, "यायची गरज नाही, टाके आपोआप विरघळतील," तेव्हा आपल्याला बरे वाटते. त्याचबरोबर मनात थोडी धास्तीही राहते. धागा विरघळला म्हणजे गेला कुठे? तो अंगात तर राहिला नाही ना? त्याचा काही अपाय तर होणार नाही ना?

या शंकांना लाजण्याचे कारण नाही. आपल्या शरीरात काय घातले गेले आणि त्याचे पुढे काय होणार, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. परंतु विचारायचे म्हणजे थोडी माहिती हवी. म्हणून या आठवड्यात आपण शरीरात घालण्याजोग्या, आणि काम झाल्यावर शरीरातून निघून जाणाऱ्या, पदार्थांची गोष्ट समजून घेऊ.

मेंढीच्या आतड्यापासून सुरुवात

कातडीवरचा टाका सात-दहा दिवसांनी कापून काढता येतो. पण सिझेरियनच्या वेळी गर्भाशयाला घातलेला टाका कसा काढणार? त्यासाठी पोट पुन्हा उघडावे लागेल. म्हणून आत घालायचा धागा असा हवा, की जखम जुळून येईपर्यंत त्याने घट्ट धरून ठेवावे आणि मग विरघळून जावे.

असा सर्वात जुना धागा म्हणजे कॅटगट. नावात 'कॅट' असल्यामुळे पुष्कळांना तो मांजराच्या आतड्याचा वाटतो. ते खरे नाही. तो मेंढी, बकरी किंवा गाई-बैलांच्या आतड्याच्या पडद्यापासून तयार होतो. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि स्कॉटलंडमध्ये काम करणारे शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी १८६९ साली कार्बोलिक आम्लात भिजवून जंतुरहित केलेला कॅटगट रक्तवाहिनी बांधण्यासाठी वापरण्याचा पुरस्कार केला. त्यानंतर हा धागा जगभरच्या इस्पितळांत पोचला. पुढे 'मॅड काऊ' रोगाच्या भीतीने युरोपातील देशांनी त्याचा वापर बंद केला. आपल्याकडे मात्र स्वस्त म्हणून तो अजून वापरात आहे.

हा कॅटगट शरीरात विरघळतो कसा? तो कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. प्रथिन पचवण्याची, म्हणजे त्याचे तुकडे करण्याची साधने आपल्या शरीरात मुळातच आहेत. जेवणातली मटकी किंवा अंडे जसे शरीर मोडून वापरते, तसाच हा धागाही ते हळूहळू मोडून टाकते.

साखळी कशी धरतात आणि कशी सुटते

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी. हे समजण्यासाठी ६ डिसेंबरची चैत्यभूमी डोळ्यांपुढे आणा. लाखोंच्या गर्दीला वाट करून देण्यासाठी समता सैनिक दलाचे सैनिक एकमेकांचे हात धरून मानवी साखळी करतात. प्रत्येकाचा डावा हात एकाच्या हातात आणि उजवा हात दुसऱ्याच्या हातात. गर्दी पुढे सरकली की हात सुटतात. साखळी संपते, पण माणूस संपत नाही. तो जसा आला तसाच आपल्या घरी जातो.

अमिनो आम्लाचेही तसेच आहे. त्याच्या प्रत्येक कणाला असे दोन हात असतात. एका हाताने तो मागच्याला धरतो, दुसऱ्याने पुढच्याला. आपल्या शरीरातील प्रथिने घडवणारी अशी वीस अमिनो आम्ले आहेत. ती वेगवेगळ्या क्रमाने जोडली गेली की कधी केस होतात, कधी स्नायू, कधी रक्तातला लाल रंगाचा पदार्थ. अशा लांब साखळीला पॉलिमर म्हणतात. शाळेतल्या मराठी पुस्तकात त्यालाच बहुवारिक म्हटले आहे. प्लॅस्टिकची पिशवी आणि नायलॉनची दोरी हीसुद्धा बहुवारिकेच आहेत. फरक इतकाच, की त्यांच्या साखळीतले हात शरीराला सोडवता येत नाहीत. म्हणून कातडीवरचा नायलॉनचा टाका कापून काढावा लागतो.

तेव्हा शास्त्रज्ञांच्या मनात असा विचार येणे स्वाभाविक होते, की शरीराच्या ओळखीच्याच अमिनो आम्लांची साखळी आपण प्रयोगशाळेत का बांधू नये? ती सुटली तरी शरीराला परके असे काही उरणार नाही.

प्रयोगशाळेतल्या खटपटी

अमिनो आम्लांच्या साखळ्या कृत्रिम रीतीने बांधण्याचा मार्ग जर्मनीतील हेर्मान लॉइख्स यांना १९०६ साली सापडला. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस एफ्राइम काचाल्स्की या तरुण शास्त्रज्ञाने लायसीन या एकाच अमिनो आम्लाची लांब साखळी तयार केली. हेच काचाल्स्की पुढे काट्झिर या आडनावाने १९७३ ते १९७८ या काळात इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष झाले.

परंतु साखळी बांधणे वेगळे आणि तिचा उपयोगी धागा किंवा पत्रा काढणे वेगळे. अमिनो आम्लांच्या अशा पुष्कळशा साखळ्या तापवल्या तर वितळण्याआधीच बिघडत. नेहमीच्या द्रावकांत त्या विरघळत नसत. मग साच्यात ओतणार काय आणि धागा ओढणार कशाचा? शिवाय त्या महाग पडत, आणि काहींना शरीर शत्रू समजून विरोधही करी.

दरम्यान दुसऱ्या बाजूने यश आले. ग्लायकोलिक आम्ल आणि दह्यात असते ते लॅक्टिक आम्ल यांच्या साखळ्या सोप्या रीतीने बांधता येत. १९७० च्या सुमारास अमेरिकेत ग्लायकोलिक आम्लाचा 'डेक्सॉन' हा धागा बाजारात आला आणि १९७४ च्या सुमारास 'व्हिक्रिल' आला. आज शस्त्रक्रियेच्या चिठ्ठीवर हे दुसरे नाव आपल्याला नेहमी दिसते. हा धागा मोडायला शरीराच्या पाचक रसांचीही गरज लागत नाही. शरीरातले पाणीच त्याच्या साखळीतले हात सोडवते. दोन आठवड्यांनी त्याची ताकद पाऊण राहते, तीन आठवड्यांनी निम्मी, आणि साधारण दोन-सव्वादोन महिन्यांत तो पूर्ण नाहीसा होतो. उरलेल्या आम्लाचे शरीर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकते. तो काही अंगात साचत नाही आणि त्याचे विषही होत नाही.

याही पदार्थाला एक मर्यादा आहे. बारीक धागा विरघळताना सुटणारे आम्ल थोडे असते, ते सहज वाहून जाते. पण मोठी वस्तू केली, तर तिच्या भोवती आम्ल साचते आणि तिथे दाह होऊ शकतो. म्हणून अमिनो आम्लांचा नाद शास्त्रज्ञांनी सोडला नाही.

तिसऱ्या हाताची युक्ती

१९८० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जोआकिम कोन आणि रॉबर्ट लँगर यांनी हा प्रश्न नव्या बाजूने पाहिला. पुढे कोन न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात गेले आणि तेच काम त्यांनी चालू ठेवले. त्यांनी टायरोसीन हे अमिनो आम्ल निवडले. टायरोसीन आपल्याला नवे नाही. ते दुधात, पनीरमध्ये, डाळीत, अंड्यात असते. १८४६ साली युस्टुस फोन लीबिग यांना ते पनीरच्या जातीच्या चीजमध्ये सापडले, म्हणून चीजच्या ग्रीक नावावरून त्याचे नाव पडले.

या टायरोसीनला नेहमीच्या दोन हातांखेरीज बाजूला एक तिसरा हात आहे. कोन यांनी केले ते असे. टायरोसीन आणि त्याचे एक जवळचे भावंड अशी जोडी त्यांनी घेतली. दोघांचे नेहमीचे हात एकमेकांत गुंफले. बाजूचे हात मात्र मोकळे राहिले. मग त्या मोकळ्या हातांनी जोडीला जोडी धरून साखळी बांधली. नेहमीच्या हातांनी बांधलेली प्रथिनाची साखळी ताठर आणि हट्टी होती. बाजूच्या हातांनी बांधलेली ही नवी साखळी वितळते, विरघळते, साच्यात बसते, तिचा धागा आणि पातळ थर काढता येतो. शरीरात गेल्यावर बाजूचे हात पाण्याने सुटतात. बांधताना थोडा फेरफार केला की ती किती दिवसांत सुटावी हेही ठरवता येते.

याचा एक उपयोग आज प्रत्यक्ष चालू आहे. हृदयाचे ठोके मंदावले की छातीच्या कातडीखाली पेसमेकर बसवतात. हे यंत्र जिथे ठेवतात त्या जागी जंतू शिरले, तर फार मोठे संकट ओढवते. बहुधा पूर्ण यंत्र आणि तारा काढाव्या लागतात. म्हणून यंत्राला घालायची एक जाळीची पिशवी निघाली आहे. जाळीचा धागा विरघळणारा आहे, आणि त्यावर टायरोसीनपासून केलेल्या बहुवारिकाचा थर आहे. त्या थरात मिनोसायक्लीन आणि रिफॅम्पिसीन ही दोन जंतुनाशक औषधे मिसळलेली असतात. थर मोडू लागतो तशी औषधे निदान सात दिवस जागच्या जागी झिरपत राहतात आणि सुमारे नऊ आठवड्यांत पिशवी नाहीशी होते. यातले रिफॅम्पिसीन आपल्या वस्त्यांना परिचित आहे. क्षयरोगाच्या उपचारात ज्या गोळीने लघवी लाल होते, तेच हे औषध.

ही पिशवी खरोखर उपयोगी आहे का, हे २५ देशांतील ६,९८३ रुग्णांवर तपासून पाहण्यात आले आणि निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना पिशवी घातली, निम्म्यांना घातली नाही. नेहमीची जंतुनाशके मात्र दोघांनाही दिली. वर्षभरात गंभीर संसर्ग झालेले रुग्ण पिशवीवाल्यांत २५ होते आणि दुसऱ्या गटात ४२. म्हणजे हजारी साधारण बाराचे सात झाले. हा फायदा खरा आहे. पण हेही लक्षात घ्या, की पिशवी नसतानाही हजारातल्या ९८८ जणांना असा संसर्ग झाला नव्हता. ही तपासणीही मुख्यतः यंत्र बदलणाऱ्या किंवा मोठे यंत्र बसवणाऱ्या, म्हणजे जास्त धोका असलेल्या रुग्णांवर झाली. ज्याला जास्त धोका आहे त्याच्यासाठी ती मोलाची. प्रत्येकाने कर्ज काढून घ्यावी अशी ती वस्तू नव्हे.

नवे ते सगळेच चांगले नव्हे

केसपुत्त गावी कालामांना उपदेश करताना तथागतांनी सांगितले, की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतात म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. हाच न्याय नव्या औषधांना आणि उपकरणांनाही लावला पाहिजे.

हृदयाची चोंदलेली रक्तवाहिनी उघडी ठेवण्यासाठी धातूची बारीक जाळीदार नळी बसवतात, तिला स्टेंट म्हणतात. धातू जन्मभर आत राहतो, मग विरघळणारा स्टेंट का नको, असा विचार पुढे आला. लॅक्टिक आम्लाच्या बहुवारिकाचा 'अ‍ॅब्सॉर्ब' नावाचा स्टेंट निघाला. साधारण तीन वर्षांत तो विरघळावा अशी योजना होती. अमेरिकेत त्याला जुलै २०१६ मध्ये परवानगी मिळाली. पण रुग्णांवर लक्ष ठेवताना आढळले, की धातूच्या स्टेंटपेक्षा यात रक्ताची गुठळी होण्याचे आणि हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण जास्त आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली. कल्पना सुंदर होती, पण तपासणीत ती टिकली नाही. विज्ञानाची खरी ताकद हीच आहे, की ते आपलेच मत पुराव्यापुढे मागे घेते.

किमतीचेही असेच पारखावे लागते. आपल्या देशात विरघळणारे स्टेंट एके काळी लाखाच्या पुढे विकले जात. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषध लावलेल्या व विरघळणाऱ्या स्टेंटला २९,६०० रुपये अशी कमाल मर्यादा घातली. नंतर हे आकडे बदलत राहिले, पण मर्यादेचे तत्त्व कायम राहिले. 'नवा आहे, भारीतला आहे' एवढ्यावरून घरातले दागिने मोडायला निघालेल्या कुटुंबाला ही गोष्ट माहीत असलीच पाहिजे.

मग आपण काय करावे?

शस्त्रक्रियेपूर्वी कागदावर सही किंवा अंगठा देताना धीटपणे विचारा. कोणता धागा घालणार? आतला विरघळणारा आणि बाहेरचा काढायचा, असे दोन आहेत का? काढायचा असेल तर कोणत्या दिवशी, आणि गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढता येईल का? बाहेरून धागा आणायला चिठ्ठी दिली, तर पाकिटावरची किंमत आणि मुदत पाहा, आणि पावती जपून ठेवा. पेसमेकर किंवा स्टेंट बसवला असेल, तर त्याच्या पाकिटावरची चिकटपट्टी केसपेपरवर लावून मागा. विरघळणाऱ्या धाग्याचे टोक काही आठवडे बाहेर दिसू शकते. ते ओढू नका, ब्लेडने कापू नका. जखमेवर राख, चुना, तंबाखू काहीही लावू नका. जखम लाल होऊन सुजली, पू आला, ताप आला, तर 'विरघळणाराच टाका आहे' म्हणून घरी बसू नका. तडक दवाखाना गाठा.

आणखी एक गोष्ट खास भगिनींसाठी. ऑपरेशन झालेल्या माणसाला आणि बाळंतिणीला डाळ देऊ नका, अंडे देऊ नका, मासळी देऊ नका, त्याने पू होतो, असे आपल्या घरोघरी अजून सांगतात. पू जंतूंमुळे होतो, डाळीमुळे नव्हे. जखम भरते म्हणजे शरीर तिथे नवे कोलॅजेन विणते. धागा तात्पुरता असतो. जखम कायमची जुळवते ते हे कोलॅजेन. आणि त्यासाठी लागणारी अमिनो आम्ले येतात कुठून? डाळ, मटकी, शेंगदाणे, अंडी, सुकट-बोंबील आणि मटणातून. जोडीला आवळा, लिंबू किंवा पेरू हवा, कारण 'क' जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजेन नीट विणले जात नाही. डॉक्टरांनी खाणे सुरू करायला सांगितले, की सासूबाईंनी सुनेला पोटभर वरण वाढावे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी तेवढे डॉक्टरांना विचारून खावे, आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी साखर ताब्यात ठेवावी, कारण वाढलेल्या साखरेने जखम रेंगाळते.

'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपण कृतघ्न माणसासाठी वापरतो. हा धागा मात्र गरज सरली की स्वतःच नाहीसा होतो. भगवान बुद्धांनी भिक्खूंना तराफ्याचा दृष्टांत दिला होता. नदी ओलांडायला तराफा हवा, पण पैलतीराला पोचल्यावर तो डोक्यावर वाहून नेण्यात शहाणपण नाही. शरीरात घालायच्या वस्तूची खरी परीक्षा तीच आहे. तिने पैलतीराला न्यावे आणि भार होऊन राहू नये.

धाग्याशी आपल्या समाजाचे एक जुने दुखणे जोडलेले आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या वडीलधाऱ्यांना रिंग खात्यात काम मिळे. पण जास्त पगाराच्या साचा खात्यात त्यांना शिरू देत नसत. कारण काय, तर कांडी संपल्यावर धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा इतर कामगारांना चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि सर्व खाती आमच्यासाठी खुली झाली पाहिजेत अशी मागणी केली.

ज्या आजोबांना धाग्याला तोंड लावू दिले नाही, त्यांच्या नातवंडांनी आज धागा घडवण्याचेच शास्त्र शिकावे. दहावी-बारावीला रसायनशास्त्र अवघड वाटते म्हणून मुला-मुलींना त्यापासून दूर ठेवू नका. मानवी साखळीचा दाखला देऊन समजावले, तर हे शास्त्र वस्तीतल्या मुलीलाही समजते. उद्या एखाद्या प्रयोगशाळेत जखम जुळवणारा, स्वस्त आणि निर्धोक धागा तिच्याच हातून तयार होईल. त्या धाग्याने ज्या कष्टकरी माणसाची जखम शिवली जाईल, त्याचा मजुरीचा एक दिवस वाचेल.

जयभीम!